शिराझच्या बागा, कवींच्या कबरी आणि मशिदी: बेळगाव भागातून जाणाऱ्यांसाठी

इराणमधील शिराझ शहरात काय पाहावे याच्या याद्या भरपूर मिळतात, पण कोणती जागा दिवसाच्या कोणत्या प्रहरी पाहावी हे त्या याद्यांत सहसा नसते. या शहरात प्रहर चुकला, तर तिकिटाचे पैसे जातात आणि पाहिल्याचे समाधानही मिळत नाही. नसीर-उल-मुल्क मशीद सकाळची, वकील मशीद दुपारची आणि हाफिज या फारसी कवीची कबर दिवेलागणीनंतरची, असा साधारण हिशोब आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडून कोणी जाण्याचा विचार करत असेल, तर त्याने तीन पूर्ण दिवस केवळ शहरासाठी ठेवावेत. एका आठवड्यात तेहरान, इस्फहान, याझ्द आणि शिराझ अशी चार शहरे उरकणाऱ्या सहलींत शिराझच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो आणि तोही बहुधा भलत्या वेळी, त्यामुळे तशा सहलीपेक्षा हे एकच शहर नीट पाहून आलेले बरे.

निघण्यापूर्वीची कामे

विमानाचे तिकीट शोधण्याआधी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने इराणविषयी दिलेली ताजी सूचना वाचावी. जून २०२५ मधील इस्रायल-इराण युद्धानंतर अशा सूचना वेळोवेळी निघाल्या आहेत आणि त्यांत ‘अनावश्यक प्रवास टाळावा’ असे लिहिलेले असेल, तर बागा पाहणे हे अनावश्यक प्रवासातच मोडते हे मान्य करून बेत पुढे ढकलावा. प्रवास विमा घेतानाही इराण त्यात समाविष्ट आहे का हे लेखी विचारून घ्यावे. भारतीयांना फेब्रुवारी २०२४ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी पंधरा दिवसांची व्हिसामुक्त सवलत मिळत होती, परंतु नोकरीच्या आमिषाने लोकांना तिकडे नेऊन डांबून ठेवण्याचे प्रकार घडल्यावर इराणने ती २२ नोव्हेंबर २०२५ पासून स्थगित केली. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतील ‘व्हिसा लागत नाही’ या वाक्यावर विसंबून राहू नये. इराणची वाणिज्य दूतावास कार्यालये मुंबईत आणि हैदराबादेत आहेत. आपला अर्ज कोणाकडे जाईल हे आधी विचारून घ्यावे.

आपल्या भागातील लोकांना एक विशेष काळजी घ्यावी लागते. २०१४ मध्ये शहरांची अधिकृत नावे बदलल्यापासून कोणाच्या पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेलगाम’, कोणाच्या ‘बेळगावी’, तर आधारकार्डावर तिसरेच काही, अशी परिस्थिती आहे. व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच, अक्षरन् अक्षर, लिहावे. घरात आपण गावाला काय म्हणतो हा प्रश्न तेथे उपस्थित करू नये.

सांबऱ्याच्या विमानतळावरून मुंबईला जाऊन पुढे आखातातील एखाद्या विमानतळामार्गे शिराझला उतरता येते किंवा तेहरानमार्गे जाता येते. तेहरानचा मार्ग निवडल्यास आंतरराष्ट्रीय विमाने इमाम खोमेनी विमानतळावर उतरतात आणि देशांतर्गत विमाने बहुतांशी मेहराबादहून सुटतात, हे लक्षात ठेवावे. हे दोन विमानतळ शहराच्या वेगवेगळ्या भागांत असल्याने मधे चार-पाच तासांची फट हवी.

पैशांची व्यवस्था घरूनच करून निघावे लागते. आर्थिक निर्बंधांमुळे आपली डेबिट-क्रेडिट कार्डे इराणमध्ये चालत नाहीत, एटीएममधून पैसे निघत नाहीत, म्हणून संपूर्ण प्रवासाचा खर्च डॉलर किंवा युरोमध्ये रोख न्यावा आणि तेथील अधिकृत सराफीत थोडा थोडा बदलून घ्यावा. सरकारी चलन रियाल आहे, पण दुकानदार भाव तोमानमध्ये सांगतो, आणि एक तोमान म्हणजे दहा रियाल. फालूद्याच्या वाटीला दहापट पैसे मोजायचे नसतील, तर ‘तोमान की रियाल?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. किमती, खोल्यांचे क्रमांक आणि उघडण्याच्या वेळा फारसी आकड्यांत लिहिलेल्या असतात. आपल्याकडे गल्लोगल्ली उर्दू शाळेत शिकलेले मित्र आहेत; त्यांच्याकडून शून्य ते नऊ हे आकडे एका संध्याकाळी शिकून घेता येतात.

शाकाहारी मंडळींनी खडक भाकरी आणि शेंगाचटणी अवश्य बांधून घ्यावी, कारण दोन्ही आठवडाभर टिकतात. तेथे नान, चीज, दही-काकडी, मसूर घातलेला भात आणि वांग्याचे पदार्थ मिळतात, पण भाजीच्या रश्शात मांसाचा तुकडा असणे हे तेथे अगदी स्वाभाविक मानले जाते, त्यामुळे नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, ‘गोश्त नको’ असे स्पष्ट सांगावे लागते. अनारसे मात्र घरीच ठेवावेत. दुबई किंवा शारजामार्गे जाणार असाल, तर त्यांवरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांच्या यादीत येते, आणि तेथील अधिकाऱ्याला दिवाळीचा फराळ समजावून सांगण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

विजापूरचा एक दिवस

शिराझला जाण्याआधी विजापूरला एक दिवस देऊन यावे, असा माझा आग्रह राहील. आदिलशाहीच्या दरबारात इराणहून आलेल्या विद्वानांची आणि मुत्सद्द्यांची ये-जा होती. पहिल्या अली आदिलशहाचा वजीर अफझल खान शिराझी आणि पुढे अकबराकडे गेलेला पंडित फतहुल्ला शिराझी ही त्यांतील दोन नावे. बेळगाव ज्याच्या ताब्यात होते आणि किल्ल्यातील सफा मशीद ज्याने बांधली, तो असद खान लारी. लार हे गाव शिराझ ज्या फार्स प्रांतात आहे त्याच प्रांतातले. त्याची कबरही बेळगावातच आहे.

विजापूरच्या जामा मशिदीत मिहराब म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा आणि त्याच्या बाजूचा मिंबर म्हणजे प्रवचनाचा पायऱ्यांचा चौथरा, एवढे ओळखायला शिकले, तरी परक्या मशिदीत गोंधळायला होत नाही. इब्राहिम रोजा या मकबऱ्याच्या भिंतींवरील अक्षरांच्या जाळ्या जवळून पाहाव्यात. विजापूरच्या कारागिराने अक्षर दगडात कोरले आहे, आणि शिराझमध्ये तेच काम भाजलेल्या, रंग चढवलेल्या टाइलवर केलेले दिसते. तेथे बांधकाम विटेचे आहे आणि त्यावर टाइलचे आवरण आहे. हा फरक मनात ठेवून गेले, म्हणजे शिराझच्या भिंतीकडे पाहताना नजर आपोआप टाइलच्या सांध्यांकडे जाते.

कोणत्या महिन्यात जावे

शिराझ समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर, म्हणजे बेळगावच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. उन्हाळा कडक व कोरडा असतो आणि हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याजवळ येतो. बागांसाठी एप्रिलचा मध्य ते मेचा पूर्वार्ध हा काळ उत्तम, कारण त्या वेळी कडू नारिंगाच्या झाडांना फुले येतात आणि त्यांचा वास रस्त्यांवरही पसरलेला असतो. २० किंवा २१ मार्चच्या नवरोजपासून पुढचे तेरा दिवस मात्र टाळावेत, कारण त्या काळात सारा इराण सुट्टीवर असतो आणि शिराझमध्ये खोली मिळणे कठीण होते. रमजानमध्ये दिवसा खाणावळी बंद असतात, मोहरमच्या नवव्या-दहाव्या दिवशी बहुतेक सर्व काही बंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने फुलांच्या दृष्टीने कमी, पण मशिदींच्या दृष्टीने अधिक चांगले. त्याचे कारण पुढे येईल.

कपड्यांचे नियम सर्व ऋतूंत सारखेच. स्त्रियांनी डोक्यावर रुमाल आणि कमरेखाली येणारा सैल, लांब बाह्यांचा पोशाख वापरावा, असा तेथील कायदा आहे. सलवार-कमीज आणि ओढणी यांवर काम भागते. साडी चालते, परंतु दिवसभर पायऱ्या चढण्यासाठी आणि गालिच्यांवर बसण्यासाठी ती गैरसोयीची ठरते. पुरुषांनी पूर्ण लांबीची विजार घालावी.

सकाळ: नसीर-उल-मुल्क

इराणचे घड्याळ आपल्या दोन तास मागे असते, त्यामुळे पहिल्या दिवशी पहाटे चारला आपोआप जाग येते. तिचा उपयोग करून घ्यावा आणि नसीर-उल-मुल्क मशीद उघडताच दारात हजर राहावे. १८७६ ते १८८८ या काळात, काजार राजवटीत, मिर्झा हसन अली नसीर-उल-मुल्क या सरदाराने ती बांधवली. अंगणातील टाइलवर गुलाबी रंगाची फुले विपुल असल्याने तिला ‘गुलाबी मशीद’ असेही म्हणतात. अंगणाच्या पश्चिमेला खांबांचे एक दालन आहे, ज्याला तेथे शबिस्तान म्हणतात. त्याची रंगीत काचांची दारे पूर्वेकडे तोंड करून आहेत. सूर्य खाली असताना ऊन या काचांतून तिरपे आत येते, आधी गालिच्यावर, मग पीळ दिलेल्या दगडी खांबांवर लाल, निळे, पिवळे तुकडे पडतात आणि सूर्य चढेल तसे ते दारांकडे मागे सरकत जातात. हिवाळ्याच्या महिन्यांत सूर्य मुळातच खालून फिरत असल्याने हे तुकडे दालनात खोलवर पोहोचतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरची शिफारस केली ती यासाठी.

येथे छायाचित्रांसाठी गर्दी होते आणि पहिला अर्धा तास माणसे एकमेकांच्या चौकटीतून बाजूला होण्यातच घालवतात. त्या गर्दीत न शिरता मागच्या भिंतीला टेकून खाली बसावे. नऊच्या सुमारास सहलींच्या बसगाड्या निघून जातात, ऊन अजून शिल्लक असते, आणि मग छतावरील वीटकाम आणि टाइल पाहायला सवड मिळते. दालनात जाण्यापूर्वी पादत्राणे काढावी लागतात. थंडीत दगड बोचतो, म्हणून मोजे असावेत.

मशिदीपासून चालत काही मिनिटांवर नारंजिस्तान-ए-कवाम हा १८७९ ते १८८६ दरम्यान बांधलेला वाडा आहे. त्याच्या ओसरीला आरशांच्या बारीक तुकड्यांचे काम आहे आणि समोर नारिंगाच्या झाडांची लांब, सरळ बाग आहे. मशिदीनंतर लगेच येथे यावे.

दुपार: वकील मशीद आणि बाजार

उन्हाच्या वेळी छताखाली राहावे, हा साधा नियम पाळला की दुपार वकील मशिदीला आणि शेजारच्या वकील बाजाराला मिळते. हे दोन्ही करीम खान झंदने उभारले. झंद घराण्याच्या या संस्थापकाने ‘शहा’ ही पदवी कधी घेतली नाही, स्वतःला रयतेचा वकील म्हणवले, आणि म्हणून त्याच्या कित्येक वास्तूंना ते नाव आहे. नाव छत्रपतींचे ठेवून कारभार स्वतः पाहणाऱ्या पेशव्यांची आठवण मराठी वाचकाला येथे झाली तर नवल नाही, आणि काळही तोच आहे. मशिदीचे काम १७७३ मध्ये संपले. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते हेच वर्ष.

मशिदीच्या मोठ्या शबिस्तानात एकसंध दगडाचे ४८ खांब आहेत आणि प्रत्येकाला पीळ दिलेला आहे. दाराशी उभे राहून ते मोजू नयेत, मधल्या ओळीत जाऊन कोपऱ्याच्या दिशेने तिरके पाहावे, म्हणजे पिळांची लय दिसते. आतील चौदा पायऱ्यांचा मिंबर संगमरवराच्या एकाच तुकड्यातून काढलेला आहे. त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसून पायऱ्यांच्या कडा पाहिल्या, तर कुठेही जोड सापडत नाही.

शुक्रवारी बाजाराचा मोठा भाग बंद असतो आणि मशिदींत सामुदायिक नमाज असते, त्यामुळे हा भाग शुक्रवारी ठेवू नये. इतर दिवशी शिया पद्धतीनुसार दुपारच्या दोन आणि संध्याकाळच्या दोन नमाजा बहुधा जोडून पढल्या जातात. त्या वेळा टाळाव्यात किंवा मागे शांत उभे राहावे. प्रार्थना करणाऱ्याच्या समोरून जाऊ नये आणि त्याचे छायाचित्र घेऊ नये.

याच जुन्या शहरात ८९४ मध्ये स्थापन झालेली अतीक जामा मशीद आहे. तिच्या अंगणाच्या मधोमध कुराणाच्या प्रती ठेवण्यासाठी १३५१ मध्ये बांधलेली चौकोनी दगडी इमारत उभी आहे. पर्यटक येथे कमी येतात, आणि मला विचाराल तर शिराझमधील सर्वांत निवांत अंगण हेच. तिला लागूनच शाह-चराग दर्गा आहे. शियांचे आठवे इमाम रझा यांच्या दोन भावांच्या कबरी तेथे आहेत आणि आतील भिंती-छत आरशांच्या तुकड्यांनी पूर्ण मढवलेले आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये येथे हल्ले होऊन माणसे दगावली, त्यामुळे झडती कडक असते. पिशवी व कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो, स्त्री-पुरुषांची दारे वेगळी आहेत, स्त्रियांना चादोर म्हणजे अंगभर घ्यायची चादर दारात मिळते, आणि परदेशी पाहुण्यासोबत बहुधा तेथील स्वयंसेवक दिला जातो. त्याचे ऐकावे.

कवींच्या कबरी

आपल्याकडे आळंदीला किंवा देहूला माणूस ज्या ओढीने जातो, त्याच्या जवळ जाणारी भावना हाफिजच्या कबरीपाशी दिसते. फरक एवढाच, की येथे लोक आशीर्वादाबरोबर भविष्यही मागतात. हाफिजचा मृत्यू १३९० च्या सुमारास झाला. करीम खानाने १७७३ मध्ये त्याच्या गझलेच्या ओळी कोरलेला संगमरवरी दगड कबरीवर बसवला आणि १९३० च्या दशकात आंद्रे गोदार या फ्रेंच वास्तुकाराच्या आराखड्यानुसार आठ खांबांचा आजचा मंडप उभा राहिला. तांब्याचा घुमट बाहेरून दरवेशाच्या टोपीसारखा साधा दिसतो, पण खाली उभे राहून वर पाहिले, की आतील टाइलचे रंग नजरेस पडतात. संध्याकाळचे दिवे लागल्यावर ते सर्वांत स्पष्ट दिसतात, म्हणून येथे सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी यावे आणि बंद होईपर्यंत थांबावे. लोक दगडाला दोन बोटे लावून ओठांतल्या ओठांत काही म्हणतात, कोणी त्याचा दिवाण म्हणजे काव्यसंग्रह उघडून जे पान निघेल ते मोठ्याने वाचतो, आणि फाटकाबाहेर पक्ष्याच्या चोचीने चिठ्ठी काढून देणारे फेरीवाले असतात. कबरीला हात लावायला परक्यालाही कोणी हरकत घेत नाही, मात्र दगडावर बसू नये किंवा पिशवी ठेवू नये.

दख्खनच्या माणसाला येथे आणखी एक गोष्ट माहीत असावी. बहमनी सुलतानाने हाफिजला गुलबर्ग्याला बोलावले होते, वाटखर्चही पाठवला होता, आणि तो होर्मुझ बंदरापर्यंत येऊन जहाजावर चढलाही होता. पण वादळ उठले, तो घाबरून उतरला आणि सुलतानाला एक गझल पाठवून शिराझला परतला, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. फिरिश्ताने ती दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाला असताना विजापुरात लिहिली.

सादीची कबर शहराच्या ईशान्य टोकाला आहे. ‘बोस्तान’ आणि ‘गुलिस्तान’ हे त्याचे ग्रंथ अनुक्रमे १२५७ आणि १२५८ मधले. हिंदुस्थानात फारसी शिकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ‘गुलिस्तान’ हेच पुस्तक गिरवले. आजची इमारत मोहसेन फरूघी यांच्या आराखड्यानुसार १९५२ मध्ये पूर्ण झाली आणि एक लाख रियालच्या नोटेच्या मागील बाजूस तिचे चित्र आहे, तेव्हा खिशातील नोट समोर धरून पाहावी. येथे सकाळी उशिरा यावे, कारण मुख्य आकर्षण जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरून गेल्यावर भूमिगत कालव्याच्या पाण्यावरचे अष्टकोनी कुंड लागते, त्यात मासे फिरत असतात, आणि उन्हाच्या वेळी तेथला गारवा हवासा वाटतो. भिंतींवर सादीच्या रचना कोरलेल्या आहेत. फारसी येत नसेल, तर मराठी किंवा हिंदी अनुवादातील चार पाने आधी वाचून जावे. नाहीतर ती केवळ सुंदर अक्षरे राहतात.

बागा

जांबोटी-चोर्ल्याच्या पावसात वाढलेल्या डोळ्यांना शिराझच्या बागेत हिरवळीचे अप्रूप वाटणार नाही. त्यामुळे तेथे झाडांआधी पाणी पाहावे. शिराझला वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. बागेतील प्रत्येक झाड पाटाने, कालव्याने, हाताने जगवलेले असते. बाहेर उंच भिंत, मधोमध सरळ पाट, पाटाच्या शेवटी कोशक म्हणजे हवेली, तिच्यासमोर हौद आणि दोन्ही बाजूंना सायप्रसची रांग, ही रचना एकदा ओळखू आली, की कोणत्याही बागेत पाणी कोठून शिरते आणि कोठे वळते हे शोधता येते.

बाग-ए-इरम ही या सर्वांत प्रसिद्ध. इराणमधील नऊ बागांचा ‘पर्शियन बाग’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशात २०११ मध्ये समावेश झाला, त्यांत ती आहे. आज ती शिराझ विद्यापीठाकडे आहे आणि झाडांवर नावांच्या पाट्या आहेत, त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाला तेथून हलवणे अवघड. दुपारी चारनंतर जावे; हवेलीच्या माथ्यावरील टाइलची चित्रे हौदाच्या कडेला बसून पाहावीत. दिलगुशा बाग सादीच्या कबरीच्या वाटेवर आहे, म्हणून ती त्याच दिवशी घ्यावी. बाग-ए-नजर छोटी आहे, पण तिच्यातील कोशकात करीम खान पुरला गेला होता आणि आता तेथे पार्स संग्रहालय आहे. तिन्ही बागा एका दिवसात उरकू नयेत. दोन पुरेत.

परतीचे विमान संध्याकाळचे असेल, तर उरलेल्या सकाळी शहराच्या उत्तर टोकाला कुराण दरवाज्यापाशी जावे. आजचा दरवाजा १९४९ मधला आहे. करीम खानाच्या काळी वरच्या खोलीत ठेवलेल्या कुराणाच्या प्रती पार्स संग्रहालयात हलवल्या आहेत, तेव्हा ते आधी पाहिलेले असावे. दरवाज्यालगतच्या टेकडीवर ख्वाजू किरमानी या चौदाव्या शतकातील कवीची उघड्यावरची कबर आहे. पायऱ्या बेताच्या आहेत, वरून सारे शहर दिसते आणि तेथून विमानतळाकडे जाताना शहर ओलांडावे लागत असल्याने टॅक्सीसाठी तासभर हातात ठेवावा.